क्रायोनिक्सला लोकमान्यता आणि नवे समर्थक कसे मिळवावेत

मृत्यूची कायदेशीर घोषणा होताच शरीर, किंवा केवळ मेंदू, थंड करून द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवायचे आणि पुढे कधी तरी वैद्यकाला त्यावर इलाज करता येईल या आशेवर ते सांभाळत राहायचे, ही क्रायोनिक्सची कल्पना मांडली जाऊन साठ वर्षे उलटून गेली आहेत. मिशिगनमधील भौतिकशास्त्राचे अध्यापक रॉबर्ट एटिंजर यांनी १९६२ मध्ये स्वखर्चाने छापलेले पुस्तक १९६४ मध्ये एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने काढले. कल्पना एकदा लोकांपुढे आली की नामवंत शास्त्रज्ञ आणि डॉक्टर ती उचलून धरतील, अशी त्यांची अपेक्षा होती. तसे काही घडले नाही. आज जगभरात जतन केलेल्यांची संख्या काही शेंच्या घरात आहे आणि नाव नोंदवून ठेवलेले लोक काही हजार आहेत.

ज्याला हा विचार पटला आहे आणि इतरांनाही पटवावासा वाटतो, त्याने प्रचाराला लागण्याआधी या अपयशाची कारणे तपासावीत. लोकांना विज्ञान कळले नाही म्हणून ते दूर राहिले, हे चळवळीतले आवडते स्पष्टीकरण आहे. माझ्या मते ते सोयीचे आहे, पण पुरेसे नाही. सांभाळणाऱ्यांवर लोकांचा विश्वास बसला नाही आणि सांभाळायला देणाऱ्याच्या घरच्यांना कोणी विचारले नाही, ही दोन कारणे अधिक खरी आहेत. पुढे जे सांगितले आहे त्याचा मोठा भाग या दोन गोष्टी दुरुस्त करण्याविषयीच आहे.

आधी मागणी ठरवावी

समोरच्याकडे नेमके काय मागायचे आहे हे बोलण्याआधीच ठरलेले असावे, कारण येथे तीन निरनिराळ्या मागण्या एकमेकींत मिसळतात. पहिली, माझ्या देहाचे काय करावे हा माझा निर्णय आहे आणि त्यात कोणी आडकाठी करू नये. दुसरी, संशोधनाला, कायद्यातील तरतुदीला किंवा रुग्णालयातील सहकार्याला पाठिंबा द्यावा. तिसरी, तुम्ही स्वतः नाव नोंदवावे. चळवळीतील उत्साही माणसे भेटेल त्याला थेट तिसरी मागणी घालतात आणि नकार आला की पहिल्या मागणीवरचा होकारही गमावून बसतात. महाराष्ट्रातील नेत्रदान आणि देहदान चळवळींचा अनुभव येथे उपयोगी पडतो. स्वतः अर्ज न भरणारी कितीतरी माणसे शेजारच्या घरी देहदान झाल्यावर त्या कुटुंबाविषयी आदराने बोलतात, आणि हा आदरच पुढच्या अर्जदाराला बळ देतो. म्हणून पहिल्या भेटीत केवळ पहिली मागणी करावी. ‘मला हे पटत नाही, पण तुम्हाला करायचे असेल तर माझी हरकत नाही,’ एवढे उत्तर मिळाले तरी ती भेट यशस्वी मानावी.

चॅट्सवर्थची गोष्ट आपणच सांगावी

क्रायोनिक्सच्या इतिहासातील सर्वांत वाईट प्रकरण श्रोत्याला दुसऱ्याकडून कळण्याआधी आपल्या तोंडून कळावे. १२ जानेवारी १९६७ रोजी कॅलिफोर्नियातील मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक जेम्स बेडफर्ड यांचे कर्करोगाने निधन झाले आणि त्यांचे शरीर गोठवण्यात आले. अशा रीतीने जतन केलेली ती पहिली व्यक्ती. त्या कामात पुढाकार घेतलेल्या रॉबर्ट नेल्सन यांच्या संस्थेने नंतर चॅट्सवर्थ येथील दफनभूमीत जमिनीखाली एक कोठडी बांधून तेथे आणखी मृतदेह ठेवले. खर्चाची भिस्त बहुतांशी नातेवाइकांकडून येणाऱ्या पैशांवर होती. काही काळाने ते पैसे येईनासे झाले, नायट्रोजन वेळेवर भरला गेला नाही, उपकरणे बिघडली आणि देह वितळले. नातेवाइकांना मात्र याचा पत्ता नव्हता. काही जण आपला माणूस तेथे सुरक्षित आहे असे समजून चालले होते. १९७९ मध्ये हा प्रकार उघडकीस आला आणि १९८१ मध्ये न्यायालयाने नातेवाइकांच्या बाजूने निकाल दिला.

त्याच काळातील बेडफर्ड मात्र आजही जतन आहेत, आणि दोन्ही घटना शेजारी ठेवल्या की फरक स्पष्ट दिसतो. त्यांच्यासाठी वापरलेले तंत्र इतरांपेक्षा सरस नव्हते. त्यांच्या कुटुंबाने मात्र वर्षानुवर्षे, जागा बदलत, स्वतःच्या देखरेखीखाली त्यांचा देह असलेले नायट्रोजनचे पात्र सांभाळले आणि अखेर ते अमेरिकेतील अल्कोर या क्रायोनिक्स संस्थेच्या हवाली केले. चॅट्सवर्थच्या अनुभवातून या क्षेत्राने जो धडा घेतला तो येथे श्रोत्याला समजावून सांगावा: नातेवाइकांच्या मासिक हप्त्यावर कोणाचेही जतन चालवायचे नाही, सर्व रक्कम आधीच घ्यायची, तिचा एक भाग गुंतवून केवळ देखभालीसाठी राखून ठेवायचा. अल्कोरने यासाठी १९९७ मध्ये स्वतंत्र न्यास स्थापन केला. ज्या संस्थेची शिफारस आपण करणार आहोत तिचे ताळेबंद आपण स्वतः वाचलेले असावेत आणि मागितल्यास दाखवता यावेत. जी संस्था ते दाखवत नाही, तिच्या नावाने एकही सभा घेऊ नये. रशियातील क्रायोरस संस्थेत २०२१ मध्ये चालकांच्या आपसातील भांडणातून देह असलेली पात्रे ट्रकवर चढवून नेण्याचा प्रयत्न झाला आणि पोलिसांना मध्ये पडावे लागले. तेव्हा असे काही आता घडत नाही, असेही सांगू नये.

विश्वास तपशिलातून निर्माण होतो. अल्कोरमध्ये माणसाच्या दीडपट उंचीची पोलादी पात्रे असतात. रचनेने ती मोठ्या थर्मासासारखीच, म्हणजे दोन भिंती आणि मध्ये निर्वात पोकळी. एका पात्रात चार शरीरे उभी ठेवतात, आणि ती डोके खाली करून. कोणत्याही कारणाने नायट्रोजनची पातळी उतरली तर आधी पाय उघडे पडावेत आणि डोके सर्वांत शेवटपर्यंत द्रवात बुडलेले राहावे, हा त्यामागचा हेतू. थंडावा टिकवायला वीज लागत नाही. उडून जाणारा नायट्रोजन ठरावीक काळाने भरत राहावा लागतो, इतकेच. अमरत्वावरील तासाभराच्या व्याख्यानापेक्षा ही उलटी ठेवण पाच मिनिटांत समजावून सांगण्याचा परिणाम अधिक होतो, कारण काय बिघडू शकते याचा कोणी तरी शांतपणे विचार केला आहे, हे ऐकणाऱ्याला त्यातून दिसते.

विज्ञानाविषयी किती बोलावे

जितके सिद्ध झाले आहे तितकेच. शीतजीवशास्त्रज्ञांच्या, म्हणजे अतिशीत तापमानाचा सजीवांवरील परिणाम अभ्यासणाऱ्यांच्या, आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८२ मध्ये मृत व्यक्तींना गोठवणाऱ्यांना आपल्या सदस्यत्वातून वगळण्याची तरतूद केली होती. २०१८ च्या निवेदनात तिने व्यक्तीच्या स्वातंत्र्याचा आदर व्यक्त केला, पण क्रायोनिक्स ही आशेवर आधारलेली कृती आहे, विज्ञान नव्हे, असेही स्पष्ट सांगितले. हे निवेदन विरोधकाने काढून दाखवण्याची वाट पाहू नये. आपण ते आधी वाचून दाखवावे आणि ‘होय, ही आशा आहे, तिला आधार कोणता आणि त्या आधाराची मर्यादा कोणती ते आता सांगतो,’ असे म्हणून पुढे जावे.

आधार सांगताना गोठवलेल्या भ्रूणांपासून सुरुवात केली तर मराठी श्रोत्याला ते लगेच समजते. गोठवलेल्या भ्रूणापासून झालेले पहिले मूल १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियात जन्मले, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून १९८६ मध्ये ‘टेस्ट ट्यूब बेबी’ जन्माला आली तेव्हा भुवया उंचावणारी घरे आज त्याच उपचारासाठी जिल्ह्याच्या गावी केंद्र शोधतात. मात्र भ्रूण म्हणजे मोजक्या पेशी, आणि मेंदू म्हणजे अब्जावधी पेशींची गुंतागुंत. ही दरी न सांगता पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारणे ही फसवणूक होईल. मधली पायरी अवयवांची आहे. ग्रेग फेही आणि सहकाऱ्यांनी सशाचे मूत्रपिंड बर्फाचे स्फटिक न होऊ देता काचेसारखे घट्ट करून, पुन्हा उबवून सशात बसवले आणि तो ससा त्या एका मूत्रपिंडावर जगला. हा प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मिनेसोटा विद्यापीठातील गटाने २०२३ मध्ये उंदरांची मूत्रपिंडे १०० दिवसांपर्यंत अशी ठेवून, लोहाच्या सूक्ष्म कणांच्या साहाय्याने एकसारखी उबवून ती यशस्वीपणे रोपण केली. यापलीकडे, संपूर्ण सस्तन प्राणी किंवा माणसाचा मेंदू या तापमानावरून परत कार्यरत झालेला नाही. हे वाक्य प्रत्येक भाषणात, आणि शेवटी घाईघाईने नव्हे तर मध्यावर, उच्चारले गेले पाहिजे.

‘अमर’, ‘मृत्यूवर विजय’, ‘पुनर्जन्म’ हे शब्द पत्रकांतून काढून टाकावेत. त्यांनी गर्दी जमते, पण जमलेल्या गर्दीपैकी निम्मे लोक चमत्काराच्या अपेक्षेने आलेले असतात आणि उरलेले चेष्टा करायला.

घरच्यांशी बोलणे

हा सर्वांत अवघड आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. अमेरिकी चळवळीच्या सुरुवातीपासून नाव नोंदवणाऱ्यांत पुरुषांचे प्रमाण मोठे राहिले आणि त्यांपैकी अनेकांनी पत्नीच्या विरोधामुळे बेत सोडला. २००८ मध्ये चळवळीतील काही अनुभवी मंडळींनी यावर सविस्तर लेखही लिहिला. माझा आक्षेप असा की या प्रश्नाकडे पत्नीचा दोष म्हणून पाहण्याची सवय चळवळीला लागली, आणि त्यामुळे ज्या स्त्रियांना ऐकून घ्यायचे होते त्याही उठून गेल्या. विरोधामागची कारणे ऐकली तर ती बहुधा अगदी वाजवी असतात.

समजा, न्यू जर्सीत तीस वर्षे काढलेले एक मराठी गृहस्थ रात्री जेवण झाल्यावर हा विषय काढतात. पत्नी पहिला प्रश्न विज्ञानाचा विचारणार नाही. ती म्हणेल, “अहो, शंभर वर्षांनी उठलात तर तिथे तुमचं असं कोण असणार आहे?” आणि थोड्या वेळाने, “मग मी तेरावा घालायचा की नाही?” या दोन प्रश्नांना तंत्रज्ञानाची उत्तरे देऊ लागणारा माणूस तेथेच हरतो. पहिल्या प्रश्नाचा अर्थ ‘तुम्ही मला सोडून जायचा बेत करता आहात का?’ असा आहे, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर देण्याआधी आपल्या मनात दोघांसाठी विचार आहे की एकट्यासाठी, हे स्वतःशी ठरवावे लागते. तिने आपल्यासोबत नाव नोंदवलेच पाहिजे असा आग्रह मात्र धरू नये. तिची हरकत नसणे, एवढेच मागावे.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र ठोस उत्तर आहे. जतन कायद्याने मृत घोषित झालेल्या व्यक्तीचेच होते. मृत्यूचा दाखला मिळतो, वारसा आणि विम्याचे व्यवहार नेहमीप्रमाणे होतात, पत्नी कायद्याने विधवाच असते. शोकसभा घेता येते, तेरावा घालता येतो, वर्षश्राद्ध करता येते. देह हाती न लागलेल्या माणसासाठी पळसाच्या काड्यापानांची प्रतिकृती करून दहन करण्याचा पालाशविधी आपल्या परंपरेत पूर्वीपासून आहे, आणि देहदान केलेल्या घरांनी दहनाशिवाय निरोप देण्याच्या आपापल्या रीती पाडल्या आहेत. जतन केलेल्या देहासाठी यांपैकी काय लागू करावे हे घरातील वडीलधाऱ्यांनी आणि पुरोहितांनी ठरवावे. प्रचारकाने शास्त्रार्थात पडू नये. आत्म्याच्या गतीविषयी विचारणा झाली, तर त्याविषयी आपल्याला बोलण्याचा अधिकार नाही असे नम्रपणे सांगावे. ते उत्तर लोकांना अधिक आवडते, असा माझा अंदाज आहे.

आणखी एक गोष्ट लपवून ठेवल्यामुळे कुटुंबे दुखावतात, ती म्हणजे अखेरच्या घटका. मृत्यू घोषित झाल्यावर काही मिनिटांत पथक कामाला लागते: देह बर्फात ठेवणे, छातीवर दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवणे, रक्त गोठू नये म्हणून औषधे देणे. ज्या वेळी पत्नीला आणि मुलांना हात हातात घेऊन बसायचे असते, नेमक्या त्याच वेळी अनोळखी माणसे खोलीचा ताबा घेतात. हे आधी सांगितलेले असले, कोणी कोठे उभे राहायचे आणि निरोप घोषणेपूर्वी कसा घ्यायचा हे ठरलेले असले, तर अनेकांना ते सोसते. आयत्या वेळी कळले तर ते कुटुंब आयुष्यभर या विषयाचे विरोधक होते, आणि त्यांचा राग योग्यच असतो.

पैशाचा प्रश्न

‘एवढा पैसा गरिबांना द्या’ हे वाक्य हमखास ऐकू येते. त्यावर चिडू नये. मिशिगनमधील क्रायोनिक्स इन्स्टिट्यूट आजीव सभासदाकडून २८,००० डॉलर घेते, त्यात अखेरच्या वेळचे पथक आणि वाहतूक धरलेली नाही. अल्कोरमध्ये संपूर्ण शरीराचा खर्च दोन लाख डॉलरच्या वर जातो आणि केवळ मेंदूच्या जतनाचा त्याच्या निम्म्याहून कमी असतो. बहुतेक सभासद हा खर्च आयुर्विम्यातून भागवतात आणि संस्थेला लाभार्थी नेमतात, म्हणून तरुण वयात हप्ता परवडतो. आकडे असे उघड सांगावेत आणि मुलांच्या शिक्षणाचा किंवा घरकर्जाचा पैसा यात घालू नये, हेही आपणच सांगावे. भारतात देह ठेवण्याची सोय असलेली संस्था नाही, तेव्हा पुण्यात किंवा नाशिकमध्ये राहणाऱ्या माणसाला विमा उतरवून नाव नोंदवायला उद्युक्त करणे हे आजच्या घडीला त्याची दिशाभूल करणे आहे. त्याच्याकडून पहिली, फार तर दुसरी मागणी करावी.

रुग्णालय, कायदा आणि वृत्तपत्रे

२०१६ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात कर्करोगाने आजारी असलेल्या चौदा वर्षांच्या मुलीचा अर्ज आला. आपला देह जतन व्हावा अशी तिची इच्छा होती, आई अनुकूल होती, वडील नव्हते. न्यायमूर्ती पीटर जॅक्सन यांनी देहाविषयीचा निर्णय आईच्या हाती दिला आणि मुलीच्या मृत्यूनंतर तिचा देह अमेरिकेला गेला. चळवळीने हा विजय म्हणून सांगितला. निकालपत्राचा शेवट मात्र कमी वाचला गेला. रुग्णालयाने नोंदवले होते की मदतीला आलेला स्वयंसेवक गट अपुऱ्या साधनांचा आणि विस्कळीत होता, आणि आई अखेरच्या दिवशी मुलीजवळ असण्याऐवजी पुढच्या व्यवस्थेत गुंतून पडली होती. ज्या परिचारिकांनी तो दिवस पाहिला त्यांच्या मनात क्रायोनिक्सची प्रतिमा कोणत्या भाषणाने बदलणार? म्हणून रुग्णालयाशी बोलणी रुग्ण दाखल होण्याच्या पुष्कळ आधी सुरू करावीत, लेखी योजना द्यावी आणि उपचारांच्या कोणत्याही निर्णयात आपण ढवळाढवळ करणार नाही हे त्यात पहिल्याच ओळीत लिहावे.

कायद्याच्या बाबतीत शत्रुत्व पत्करण्यापेक्षा नियमन मागणे शहाणपणाचे ठरते. मिशिगन राज्याने २००३ मध्ये क्रायोनिक्स इन्स्टिट्यूटचे नवे काम थांबवले, तेव्हा संस्थेने दफनभूमी म्हणून परवाना घेऊन काम सुरू ठेवले. तो दर्जा कोणाला आवडला नसेल, पण तपासणी झालेली संस्था म्हणून मिळालेली ओळख उपयोगी पडते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात तर पुनरुज्जीवनाच्या अपेक्षेवर अशी सेवा विकण्यावरच बंदी आली.

प्रसिद्ध व्यक्तींच्या मागे लागू नये. बेसबॉलपटू टेड विल्यम्स २००२ मध्ये वारले. मृत्युपत्रात दहनाची इच्छा, मुलाने पुढे केलेली नंतरची चिठ्ठी आणि थोरल्या मुलीचा विरोध यांतून जे भांडण पेटले त्याने क्रायोनिक्सचे नाव घरोघरी पोहोचले खरे, पण विनोदाचा विषय म्हणूनच. वार्ताहर आला तर त्याला आपला सर्वांत कंटाळवाणा माणूस भेटवावा: हिशेब ठेवणारा, नायट्रोजन भरणारा, अर्ज तपासणारा.

नवे समर्थक कोठे शोधावेत

अवयव-प्रत्यारोपणाशी संबंधित माणसे, भ्रूणप्रयोगशाळांत काम करणारे, देहदानाचे अर्ज भरलेले, आणि विमा स्वस्त मिळण्याच्या वयातील तरुण अभियंते यांच्यापासून सुरुवात करावी. मोठ्या सभेपेक्षा दहा-पंधरा जणांची बैठक बरी, आणि त्या बैठकीत एक जाणता विरोधक मुद्दाम बोलवावा. नाव न नोंदवता करण्यासारखे काही काम प्रत्येकाला द्यावे: अवयव-जतनाच्या संशोधनावरील मराठी टिपणे, रुग्णालयासाठीच्या योजनेचा मसुदा, संस्थेच्या ताळेबंदाची तपासणी. काम करता करता काही जण पुढे सभासद होतात. जे होत नाहीत तेही उपयोगी समर्थक असतात.

मरणासन्न रुग्णाच्या घरी मात्र स्वतःहून जाऊ नये. तेथून फोन आला तर प्रथम एवढेच विचारावे की ही इच्छा रुग्णाने स्वतः, शुद्धीत असताना, कोणाजवळ बोलून दाखवली होती का, आणि घरातील किती जण तिच्याशी सहमत आहेत. उत्तर अडखळत आले, पैशांची जमवाजमव कर्जातून होणार असे दिसले किंवा एखादा मुलगा गप्प बसलेला जाणवला, तर नकार द्यावा आणि तो त्याच दिवशी, स्पष्ट शब्दांत द्यावा, कारण त्या घराला दुसरी तयारी करायला वेळ हवा असतो.